पस्तीस, बारा, एक्कावन्न, बावन्न, एकोणनव्वद

तव्यावर तांदळाच्या पिठाचा चिला पसरून कलावतीबाईंनी गॅस बारीक केला आणि आतल्या खोलीकडे कान दिला. पाटीवर पेन्सिल चालू होती. कर्र, कर्र, मग जरा थांबून पुन्हा कर्र. पाटी पुसायच्या ओल्या फडक्याचा आवाज अजून आला नव्हता, म्हणजे भागाकार मध्यावर होता. बाईंनी मिरची-कोथिंबीर ठेचायला घेतली ती अगदी हलक्या हाताने. भागाकार मध्यावर असताना घरात काही आदळायचं नाही, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की शेजारच्या नेतामबाई हसून म्हणत, "दीदी, तुंहर घर म तो बरतन घलो फुसुर-फुसुर करथे." भांडीसुद्धा कुजबुजतात म्हणे! म्हणोत बापड्या. पेन्सिलचा आवाज येतोय तोवर सगळं ठीक आहे, एवढंच बाईंना ठाऊक होतं.

तेवढ्यात फाटकाची लोखंडी कडी अशी खणखणली की ओट्यावरची वाटीसुद्धा दचकली असेल. आतली पेन्सिल थांबली.

"आजी! ओ आजी! दरवाजा खोलो ना!"

कुसुमची रुचिता. कुसुम म्हणजे बाईंच्या नणंदेची लेक, तेलीबांध्याला राहते. तिची ही पोट्टी कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. मराठी सगळं समजतं, पण तोंड उघडलं की हिंदीच. बाई हलायच्या आत तिने बाहेरूनच हात घालून कडी काढली, कॉलेजची बॅग पाठीवर तशीच घेऊन ती स्वयंपाकघरात घुसली आणि तिने बाईंच्या गळ्यातच हात टाकले.

"हळू व माय, हळू. काय झालं? लग्न ठरलं काय तुयं?"

"उससे भी बड़ी बात, आजी! मामा का नंबर टूट गया!"

कलावतीबाईंच्या हातातलं उलथणं तव्याच्या वर तसंच राहिलं.

त्या नंबराची गोष्ट सांगायची तर यशदीपची सांगावी लागते, आणि यशदीपची म्हणजे कलावतीबाईंचीच. तुळशीराम रामटेके मूळचे उमरेडकडचे. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि रायपूरचेच झाले. लग्नानंतर कितीतरी वर्षं पाळणा हलला नाही. यशदीप झाला तेव्हा बाई सदतीस वर्षांच्या होत्या. दवाखान्यातली नर्स त्यांना बाळाची आजी समजली होती. पोरगं गणितात असं निघालं की क्वार्टरच्या लाइनीतले लोक आपापली पोरं त्याच्याकडे पाठवू लागले. एम.एस्सी. झाला, पुढचं संशोधन करायला लांबच्या शहरात गेला. दोन वर्षांनी त्याच्या मित्राचा फोन आला, "अंकल, आप आ के ले जाइए."

आणला तो वेगळाच कोणी. भिंतीच्या आतून माणसं आकडे वाचतात, म्हणायचा. ते वाचतात आणि मला लिहून घ्यावं लागतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर तुळशीरामांनी गुढियारीत घर बांधलं होतं, रेल्वेलाइनीपासून दोनच गल्ल्या आत. पोरगा दोनदा तिकडे चालत गेला. दोन्ही वेळा लाइन तपासणाऱ्या कामगाराने हाताला धरून आणला. मग मोठा दवाखाना, मग गोळ्या.

दवाखान्यातून ऑटोने घरी येताना यशदीप एकदम म्हणाला होता, "आई, एक नंबर सांग. मोठा."

"मले काय येते नंबर सांगाले? तूच घे एखादा."

"माझ्या डोक्यातला नको. तिथले सगळे त्यांचे हायेत. तू सांग."

बाई सातवी पास. मोठा नंबर कुठून आणणार? तोंडात आलं ते सांगितलं. जुनं क्वार्टर पस्तीस बटे बारा, म्हणून पस्तीस, बारा. तुळशीरामांचं जन्मसाल एक्कावन्न. आपलं बावन्न, शाळेच्या दाखल्यावर होतं तसं. आणि शेवटी पोराचं, एकोणनव्वद.

३५१२५१५२८९. तीनशे एक्कावन्न कोटी पंचवीस लाख पंधरा हजार दोनशे एकोणनव्वद.

यशदीपने डोळे मिटले. शेवटी नऊ आहे, म्हणजे दोनाने जात नाही, पाचाने जात नाही. आकड्यांची बेरीज एकेचाळीस, म्हणजे तिनाने नाही. मग ओठ हलवत सात. मग एकाआड एक आकडे घेऊन दोन बेरजा, एकोणीस आणि बावीस, अकराने नाही. पंडरीच्या चौकात ऑटो अडकला होता तेव्हा त्याने डोळे उघडले आणि किती महिन्यांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं. "चांगला नंबर सांगतला तू, आई. लवकर फुटणारा नाही."

तेव्हापासून हे चाललं होतं. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती मूळ संख्या, इकडे शाळेत तिला अभाज्य म्हणतात. आईचा नंबर तसला आहे का फुटणारा आहे, ते पाहायचं. त्यासाठी त्याला दुसऱ्या मूळ संख्यांनी एकेक करून भागत जायचं. एकाने जरी बाकी शून्य आली तरी फुटला. चांगला दिवस असला तर तीन-चार भागाकार, वाईट असला तर एकही नाही. कागदावर काही ठेवायचं नाही, कारण लिहून ठेवलं की 'ते' वाचतात. पाटीवर करायचं, बाकी पाहायची, पुसून टाकायचं. खोलीच्या दारावर आतून खडूने दोनच ओळी होत्या. वर नंबर, खाली कुठवर आलो ते. आज खाली ४१०११ होतं.

मशीन हे क्षणात सांगते, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तुळशीराम होते तेव्हा एकदा बोलून गेले होते, "अबे, कॉम्प्युटर कॅफेत जाऊन विचारून टाक ना एकदाचं." यशदीप शांतपणे म्हणाला होता, "विचारता येते, बाबा. मग उद्या सकाळी मी काय करू?" तुळशीराम उठून अंगणात गेले आणि मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली बराच वेळ उभे राहिले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. आता ते जाऊनही चार वर्षं झाली.

बाप गेल्यावर वजाबाकी तपासायला यशदीपने आईला हाताशी घेतलं. भाजक, भागाकार, बाकी, उलट गुणून ताळा कसा पाहायचा, सगळं शिकवलं. तेव्हा बाईंनी भीतभीत विचारलं होतं, "हे कधी संपन काय रे?"

"संपन ना. एकोणसाठ हजार दोनशेच्या जरासं पुढं. तिथवर कोणी नाही भेटला तर मग नाहीच."

"काहून? त्याच्या पुढचे आकडे का मेले?"

तो हसला होता. "आई, दोघं मिळून एक पोतं उचलतात. दोघंबी अर्ध्याच्या वर उचलतो म्हणले तर पोतं दुसरंच झालं ना? नंबर दोघांचा गुणाकार असन, तर त्यातला एक लहान असतेच. एकोणसाठ हजार दोनशेच्या आसपासच्या आकड्याले त्याच्यानंच गुणलं की आपला नंबर येते, म्हणून लहान तो त्याच्या आतच सापडाले पायजे."

बाईंना ते पटलं, आणि त्याच रात्री झोप उडाली. सगळ्यांना वाटायचं, बिचारी वाट पाहत असेल, कधी हे खूळ संपतं. त्या वाट पाहत नव्हत्या, लांबवत होत्या. सकाळी पेन्सिली दोनच काढून ठेवायच्या. मोडली की, जा बाप्पा, दुकानातून घेऊन ये. भागाकार झाला की लाल भाजी निवडायला बसवायचं. त्याला वाटायचं आई म्हातारी झाली, हात चालत नाहीत. राहिलेल्याला तीन-चार वर्षं लागली असती. तोवर आपण सत्त्याहत्तरच्या होऊ. त्यापुढचं गणित त्या करत नसत.

आणि आज ही पोट्टी दारातून ओरडत आली होती.

"हळू बोल," कलावतीबाई म्हणाल्या, पण उशीर झाला होता. यशदीप पाटी हातात घेऊन दारात उभा होता.

"कितीनं?" त्याने विचारलं.

"सात से, मामा! सोचो! आप इकतालीस हजार तक पहुँच गए और वो सात से ही कट रहा था. तेरह से भी कटता है. हमारे सर ने प्रोग्राम लिखने को दिया था, बोले कोई भी बड़ा नंबर डाल के देखो. मैंने आपका डाल दिया. एंटर मारा और..." तिने चुटकी वाजवली. "अब तो आप फ्री हो ना? इतवार को हमारे यहाँ आओ, तालाब पे घूमेंगे."

पोरीच्या तोंडावर निर्मळ आनंद होता. एखाद्याच्या पायातला काटा काढून दाखवावा तसा. तिला रागवायचं तरी कसं?

"सात तर मी केला होता," यशदीप म्हणाला. मग आईकडे वळला. "ऑटोत. केला होता ना, आई?"

"केला होता, बाप्पा."

"तू ऐकलं होतं? बाकी काय आली होती?"

कलावतीबाईंना ऑटो आठवला. त्याची बाही आपण मुठीत घट्ट धरली होती ते आठवलं. 'हो, ऐकलं होतं' एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण या पोराशी आकड्यांच्या बाबतीत त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या, सवयच नव्हती.

"ओठ हलत होते तुये," त्या म्हणाल्या.

"ओठ हलत होते." तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "गोळ्यांच्या गुंगीत होतो मी."

तो वळला. तळहाताने दारावरची खालची ओळ पुसली, मग वरची. पाटी भिंतीला टेकवली आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर आडवा झाला.

"मामा? मामा, सॉरी... आजी, मैंने क्या कर दिया?"

"तू काई नाई केलं व. जा, तुयी बस निघून जाईन."

चिला जळाला होता. बाईंनी तो उचलून बाजूला ठेवला आणि दुसरा पसरला. पीठ तव्यावर नीट फिरेना, मधे भोक पडलं.

दुपारपर्यंत ताट झाकलेलं तसंच होतं. सकाळच्या गोळ्या त्याने घेतल्या, त्याही बाईंनी तोंडाशी धरल्या म्हणून. चहा पिवळट साय धरून गार झाला. बाई खाटेजवळ खाली बसल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. लहानपणी ताप आला की तो असाच भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि त्या अशाच बसायच्या. पण तापाचं एक बरं असतं, तो हाताला लागतो.

"यश, दोन घास खाऊन घे."

"आई, ज्याले सातचा भागाकार समजला नाही, त्याले काय समजलं असन?"

"अरे, होते चूक. माणूस हाये."

"तसं नाही. मले वाटे, भिंतीतले लोक खोटे अन हा नंबर खरा. नंबरच खोटा निघाला. मग ते लोक..." त्याने वाक्य सोडून दिलं.

लाइनीवरून मालगाडी चालली होती. रोज दिवसातून कितीदा जायची, या घरात कोणी कान देत नसे. यशदीपने मात्र मान उशीवरून जराशी उचलली आणि शेवटचा डबा जाईपर्यंत ऐकलं. कितीतरी वर्षांत त्याने असं ऐकलं नव्हतं. कलावतीबाई उठल्या, फाटकाला आतून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. त्या कुलपाला गंज चढला होता. बसवताना दोन्ही हातांनी दाबावं लागलं.

मग बसून काय करणार? त्यांनी भिंतीशी टेकलेली पाटी घेतली. दारावरचा नंबर पुसला होता, पण त्यांना तो कुठे वाचायचा होता? घर, नवरा, आपण, पोरगा. तो सबंध लिहून त्या सातचा भागाकार करायला बसल्या. सात पाचे पस्तीस, बाकी शून्य. मग एक, एकात सात जात नाही, वर शून्य. एकावर दोन घेतले, बारा. सात एके सात, उरले पाच. असं उतरत उतरत शेवटच्या नवापाशी आल्या. एकोणसाठात सात आठे छप्पन्न.

बाकी तीन.

चुकलं असेल कुठे. म्हातारीचे डोळे. फडक्याने पुसून पुन्हा केलं. तीन. मग त्याने शिकवला होता तसा ताळा पाहिला. वर आलेल्या पन्नास कोटी सतरा लाख सत्त्याऐंशी हजार आठशे अठ्ठ्याण्णवाला उलट सातने गुणलं, तीन मिळवले. आपला नंबर जसाच्या तसा परत आला, शेवटच्या एकोणनव्वदासकट.

बाई पाटीकडे पाहत राहिल्या. कॉलेजातल्या मशीनला सात जमत नाही आणि आपल्याला जमतं, हे काही त्यांना खरं वाटेना. त्यांनी रुचिताला फोन लावला. "कॉलेजातून सुटली की इकडून येऊन जा. हो, आजच. नाही व, रागावली नाही. ये."

रुचिता आली तेव्हा अंगणात ऊन होतं, पण मुनग्याची सावली भिंतीवर चढली होती. पोरीचे डोळे सुजलेले होते. बाईंनी तिला आत न नेता अंगणातल्या ओट्यावरच बसवलं.

"त्या मशीनमंधी तू काय टाकलं ते मले वाचून दाखव."

रुचिताने मोबाइल काढला. "पैंतीस, बारह, इक्यावन, बावन, उन्यासी."

"उन्यासी म्हणजे किती?"

"सात-नौ, आजी."

"सात-नऊ? अव, मी तुले फोनवर एकोणनव्वद सांगतलं होतं. आठ-नऊ!"

"पर वो तो... आपने एकोण-कुछ बोला. मुझे ये एकोण वाले आते नहीं, आजी. मैंने पूछा था आपसे, उन्यासी ना? आपने बोला, हव."

बोलल्या होत्या. आता आठवलं. पोट्टीने मामाचा नंबर काय म्हणून सहज विचारलं होतं; त्या दिवशी फोन कानाला, एक हात कणकेत. पोट्टीने विचारलं आणि आपण म्हटलं हव. हिंदीतले एकोणऐंशीचे उन्यासी आणि एकोणनव्वदचे नवासी बाईंना पन्नास वर्षं रायपुरात काढून कधी नीट वेगळे करता आले नव्हते. बाजारात अडलं तर त्या बोटं दाखवत. रुचिताला मराठीतले एकोण येत नव्हते. दोघींच्या मधोमध, पोराचं जन्मसालच तेवढं सांडलं.

"मतलब मामा सही थे?" रुचिता उठूनच उभी राहिली. "आजी, मामा सही थे! चलो, बता के आते हैं!"

दोघी आत गेल्या. यशदीप तसाच पडलेला होता. बाईंनी सगळं सांगितलं. उन्यासी, नवासी, फोन, कणीक. रुचिता मधेमधे "मेरी गलती है मामा, पूरी मेरी" म्हणत होती. बाईंनी पाटी त्याच्या पुढ्यात धरली.

"हे पाय. सातनं भागलं मी. तीन बाकी येते. तुया नंबर फुटला नाही, बाप्पा. फुटला तो कोणा दुसऱ्याचाच."

यशदीपने पाटी पाहिली. वरपासून खालपर्यंत, एकेक वजाबाकीवर नजर थांबवत पाहिली. बाईंच्या मनात आलं, उठतो आता. आता फडकं मागतो.

"तुले भागाकार कोणं शिकवला, आई?" त्याने विचारलं.

"तूच. अजून कोणं?"

"मग मी चुकत असन तर तूबी तशीच चुकशीन ना." तो रागावून बोलला नाही. पोत्याचं सांगताना जसा बोलला होता तसाच, समजावून. "मायाच हात हाये तो. त्याचा ताळा मायाशी कसा घेता?"

पाटी बाजूला सारून तो पुन्हा भिंतीकडे वळला.

कलावतीबाईंनी पाटी उचलून पुन्हा भिंतीला टेकवली. सबंध आयुष्यात एवढ्या माणसांनी त्यांना गप्प केलं होतं, सासूने, क्वार्टरच्या बायकांनी, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी. पण इतकं बिनतोड कोणीच बोललं नव्हतं. पोराने आपल्याला जे जे दिलं ते सगळं त्याच्याच हातचं, म्हणून त्याच्या उपयोगाचं नाही.

रुचिताने त्यांचा दंड धरून त्यांना ओट्यावर आणलं. "आजी, रोओ मत. देखो, मैं अभी सही नंबर डालती हूँ. नवासी वाला. दो सेकंड लगेंगे. मशीन पे तो मामा को भरोसा होगा ना? वो पूरा बता देगी, टूटता है कि नहीं, टूटता है तो किस-किस से."

तिचा अंगठा मोबाइलवर चालू लागला. पस्तीस झालं, बारा झालं.

कलावतीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला, मोबाइलसकट.

पोट्टी म्हणत होती ते खरंच होतं. मशीनचा हात त्याचा नव्हता. मशीनने सांगितलं तर तो मानेल. आणि मशीन एकदा बोलायला लागली की सातवर थांबायची नाही. ती एकोणसाठ हजारांपर्यंत एका श्वासात जाऊन येईल. फुटतो म्हणाली तरी संपलं. फुटत नाही म्हणाली तरी संपलंच. मग उद्या सकाळी तो काय करेल? आणि परवा? आपण आहोत तोवर कुलूप लावू, किल्ली कमरेला ठेवू. ही कंबर किती दिवस आहे? ओट्याच्या कडेला त्या हळूच बसल्या. आत खाट करकरली, तो उठला की कूस बदलली कळेना. दोघी तशाच थांबल्या. मग पुन्हा शांत झालं. पाटीचा आवाज काही आला नाही.

"रुचिता," त्या म्हणाल्या, "तुया मोबाइलमंधी साधा हिशोबाचा कॅलक्युलेटर असन ना? भाजीवाल्याजवळ असते तसा?"

"हाँ, है ना."

"त्याच्यात एकोणनव्वदवाला नंबर टाक अन फक्त सातनं भाग. मामाच्या समोर बसून भाग, त्याले बटणं दिसली पायजे. सात पूर्ण जात नाही एवढंच त्याले दाखव."

"बस इतना? और पूरा वाला, आजी? दो सेकंड तो..."

"ते नको काढू. आज नको, मी मेल्यावरबी नको. मले एवढंच पायजे, बाई. फक्त सातचं दाखव."